सूर लागण्याआधीचा श्वास

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई 54 वर्षांच्या आहेत. गाणं शिकलेल्या नाहीत, ऐकलं मात्र आयुष्यभर. घरात चारशेच्या आसपास एलपी, तीनशेवर कॅसेट आणि दोन खण भरून सीडी. एका आवडत्या गायिकेच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला सूर लागण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू येतो. तो श्वास हा त्यांचा सर्वांत लाडका आवाज. त्याखालोखाल तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो झणझणता गुंजार), चेलोच्या तारेवर गज टेकतो तेव्हाची खरखर, आणि कॅसेटची बाजू संपल्यावर बटण वर उडण्याचा खटका. गेली आठ वर्षं त्या जवळजवळ सगळं फोनवर, स्ट्रीमिंग ॲपवर ऐकतात. तिथे तेच रेकॉर्डिंग लावलं की श्वास ऐकूच येत नाही. आता घर बदलायचं आहे आणि मुलाचं म्हणणं, "आई, सगळं फोनवर आहे, हे विकून टाक." ॲपवरून कलाकारांना फारसं काही मिळत नाही असं वाचल्यापासून त्यांना ऐकताना अपराधी वाटतं, चोरीचा माल वापरल्यासारखं. नवं संगीत लावलं तर दोन मिनिटांत मन उडतं. प्रश्न असे: संग्रह विकावा का? ॲप सोडावं का? आणि संगीत बिघडलं की माझे कान? शेवटी 'ता. क.' म्हणून एक ओळ आहे: कॅसेटींमध्ये एक वडिलांच्या बासरीची आहे, वीसएक वर्षांत वाजवलेली नाही.

नमस्कार.

तुमचं श्वासाचं वाक्य वाचलं आणि पत्र तसंच ठेवून मी एक जुनी एलपी काढली. असाच एक श्वास माझ्याही ओळखीचा आहे. तो अजून जागेवर आहे ना, एवढं बघितलं आणि मग लिहायला बसले. त्यामुळे तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेते. बाकीच्या दोघांचं बरंचसं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

श्वास गेला, हा तुमचा भास असेलच असं नाही. ॲपवर रेकॉर्डिंगचं नाव तेच असतं, मुखपृष्ठाचं चित्रही तेच असतं, पण आतला आवाज कुठल्या मास्टरवरून, म्हणजे प्रती काढायच्या कुठल्या मूळ मुद्रणावरून, घेतला आहे हे बहुधा कुठे लिहिलेलं नसतं. जुनं रेकॉर्डिंग नव्याने बाजारात आणताना टेपची सरसर साफ करतात. आता सरसर आणि श्वास यांचा पोत फार जवळचा. दोन्ही नुसत्या हवेचे आवाज, दोन्हींत ठरावीक सूर नाही. सफाईचं सॉफ्टवेअर सढळ हाताने चालवलं की सरसरीबरोबर श्वासही पुसला जातो, आणि खोलीतली ती हलकीशी घुमही. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं आणि गायिका जणू हवा नसलेल्या जागेत उभी राहून गाते.

दुसरी गोष्ट म्हणजे दाबणी, ज्याला स्टुडिओत कॉम्प्रेशन म्हणतात. 1990च्या दशकापासून प्रत्येक कंपनीला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. त्यासाठी मोठ्या आवाजाची टोकं दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं, असा प्रकार बोकाळला. जुन्या रेकॉर्डिंगच्या नव्या आवृत्त्यांनाही त्याची झळ बसली. गंमत अशी की दाबणीने श्वास हरवत नाही, उलट मोठा होतो. पण मग श्वास आणि त्यानंतरचा सूर एकाच उंचीवर येतात. आधी काहीच नाही, मग जरासा श्वास, मग सूर: हा जो चढ तुमच्या छातीत काहीतरी हलवायचा, तो सपाट होतो. तुम्ही 'श्वास ऐकू येत नाही' असं लिहिलं आहे. कदाचित तो ऐकू येत असेल, पण आता त्याच्यामागून काही उसळत नसेल. हे एकदा नीट ऐकून बघा.

कसं बघायचं ते सांगते. तीच एलपी लावा आणि शक्य असेल तर दोन्हीकडे एकच हेडफोन वापरा. मग ॲपवरचं रेकॉर्डिंग. दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घ्या, कारण जे जरा मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं, आणि या सापळ्यात मुरलेले तंत्रज्ञही अडकतात. एलपीवर श्वास मिळाला आणि ॲपवर नाही, तर कान शाबूत आहेत, दोष आवृत्तीचा. मग ॲपवरच त्या रेकॉर्डिंगच्या आणखी आवृत्त्या शोधा. वर्ष वेगळं, कंपनीचं नाव वेगळं, कधी एकूण लांबीत दोन-तीन सेकंदांचा फरक, अशा खुणा असतात. तुमच्या खणातली सीडी 1980च्या दशकातली असेल तर ती आधी लावा. सीडी 1982 मध्ये आली आणि तिच्या सुरुवातीच्या वर्षांत ही मोठ्या आवाजाची चढाओढ अजून पेटायची होती. अनेकांना हरवलेलं सापडतं ते अशा जुन्या सीडीत. फोनवर पाठवायला फाइल लहान करताना आवाज बारीक चिरडला जातो, हा आरोप मात्र मी शेवटी ठेवीन. चांगल्या दर्जाच्या स्ट्रीमिंगला तो फरक सरावलेल्या कानालाही सहज कळत नाही. तुम्ही ऐकता तो फरक बहुतेक त्याच्या कितीतरी आधी, मास्टर बनवतानाच झालेला असतो.

आणि एलपीवरही श्वास मिळाला नाही तर? तर कानांची तपासणी करून घ्या, लाजू नका आणि घाबरूही नका. वय वाढतं तशी सर्वांत आधी वरच्या कंपनसंख्येची श्रवणशक्ती उतरते. श्वास, 'स' आणि 'श'चा सीत्कार, झांजेची किणकिण, गजाची खरखर यांचा बराच भाग तिथेच राहतो. म्हणजे तुमचे लाडके आवाज नेमके त्या पट्ट्यातले. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी 'हल्लीचं रेकॉर्डिंग मंद असतं' म्हणत वर्षं काढली, आणि एका साध्या ऑडिओग्रामने, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाने, उलगडा झाला. जाता जाता एक आकडा: मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. गर्दीत हेडफोनचा आवाज वाढवत नेण्याची सवय असेल तर आजच मोडा. एलपी पुन्हा मिळतात.

आता तो अपराधी भाव. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

पत्रात तुम्ही जुन्या काळाबद्दल लिहिताना 'तेव्हा आपण विकत घ्यायचो, कलाकाराला त्याचं मिळायचं' असं एक वाक्य सहज टाकलं आहे. हे वाक्य मला खटकलं. तुमच्या तीनशे कॅसेटींतल्या चेलोवाल्याला, तानपुऱ्यावर बसलेल्या साथीदाराला बहुतेक वेळा त्या दिवसाचं मानधन मिळालं आणि तो घरी गेला. नंतर त्या कॅसेटच्या कितीही प्रती खपोत. गायिकेचं काय झालं ते तिच्या करारावर अवलंबून होतं, आणि असे करार क्वचितच कलाकाराच्या बाजूने लिहिलेले असत. हे भांडण तुमच्या-माझ्यापेक्षा जुनं आहे. 1906 मध्ये अमेरिकेतला बँडमास्टर जॉन फिलिप सूझा याने जाहीरपणे लिहिलं होतं की यंत्रातून संगीत येऊ लागलं तर घराघरांत हौसेने गाणारे-वाजवणारे संपतील. 1 ऑगस्ट 1942 पासून तिथल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर चक्क बहिष्कार टाकला. रेकॉर्डमुळे प्रत्यक्ष वाजवण्याची कामं जातात, तेव्हा विक्रीतला वाटा वादकांच्या निधीला द्या, अशी मागणी होती. मोठ्या कंपन्या नमायला 1944चा नोव्हेंबर उजाडला. त्या काळात गायक संघटनेच्या नियमातून सुटत असल्याने वाद्यांच्या जागी मागे कोरस उभा करून गाणी रेकॉर्ड झाली. विचार करा, वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर. त्या रेकॉर्डिंगांवर आज प्रेम करणारे लोकही असतीलच.

आणि ज्याला आपण 'गाणं' म्हणतो त्याचा आकारही धंद्याने घडवलेला. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून गाणं तेवढं झालं. 1948 मध्ये एलपी आली, एका बाजूला वीसएक मिनिटं मिळाली, आणि मग कुठे सावकाश पसरायला जागा झाली. फिलिप्सची कॅसेट 1963ची, सोनीचा वॉकमन 1979चा. वॉकमनने ऐकणं घरातून उचलून एकट्या माणसाच्या कानात नेलं. तुमच्या त्या लाडक्या खटक्याला जन्म देणाऱ्या कॅसेटलाही तिच्या काळात 'संगीताचा घात करणारी' म्हणणारे होतेच, कारण ती घरच्या घरी कॉपी करता यायची. तुम्ही तरुणपणी मैत्रिणीसाठी एखादी कॅसेट भरली नव्हती का? मला खात्री आहे, भरली होती.

हे सांगण्यामागे 'सगळं आधीही असंच होतं, तेव्हा गप्प बसा' असं सुचवायचं नाही. आजची वाटणी खरोखरच वेडीवाकडी आहे आणि ती कशी चालते हे ऐकणाऱ्याला माहीत असायला हवं. समजा ॲपचे दोनच सदस्य आहेत, तुम्ही आणि एक तरुण मुलगा. दोघं महिन्याला दहा-दहा नाणी भरता. तुम्ही महिनाभर एकाच गायिकेची गाणी 20 वेळा ऐकली. त्याने एकाच गायकाची 180 वेळा वाजवली. वीस नाण्यांतली साधारण तीस टक्के, म्हणजे सहा नाणी ॲपकडे राहतात. उरली चौदा. ती वाजलेल्या एकूण 200 वेळांवर वाटली जातात. तुमच्या गायिकेच्या वाट्याला त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 1.4 नाणी. तुम्ही तर तिच्याशिवाय कुणाला ऐकलंच नव्हतं, तरी तुमच्या सातांतली 5.6 नाणी त्या मुलाच्या आवडत्या गायकाकडे गेली. आणि ही 1.4 नाणीही सरळ तिच्या हातात पडत नाहीत. गीतकार-संगीतकारांच्या बाजूचा वाटा, कंपनीचा वाटा, मग तिचा करार, अशी वाट काढत ती जातात.

बहुतेक मोठ्या सेवा अशीच एका हौदातून वाटणी करतात. थोडं ऐकणारा, मन लावून ऐकणारा माणूस या हिशोबात हलका पडतो, आणि तुम्ही नेमक्या तशा आहात. साउंडक्लाउडने 2021 मध्ये ऐकणाऱ्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायची पद्धत काही कलाकारांसाठी सुरू केली. डीझरने 2023 मध्ये वेगळ्या प्रकारची वाटणी आणली. स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदलाच नाही. छोट्या कलाकाराला हा नियम काय सांगतो, हे मी वेगळं लिहायला नको.

मग ॲप सोडायचं का? माझं मत: नको, निदान अपराधाच्या पोटी तरी नको. तुम्ही सोडलं तर त्या गायिकेचे 1.4ही जातील आणि तुमच्या हाती फक्त एक भाव उरेल. 1999 नंतर रेकॉर्ड कंपन्यांची जगभरातली कमाई जवळजवळ पंधरा वर्षं घसरत होती, 2014च्या आसपास तळाला गेली. ती पुन्हा चढली ती स्ट्रीमिंगमुळेच, आणि आज त्या कमाईचा दोन-तृतीयांशांहून मोठा हिस्सा तिथूनच येतो. ही व्यवस्था तुमच्या एकटीच्या रुसण्याने हलणारी नाही.

तुमची गल्लत मला दिसते ती अशी की कानाचा हिशोब आणि पैशाचा हिशोब तुम्ही एकाच वहीत मांडता आहात. पैसे नीट पोचत नाहीत म्हणून ऐकण्याला शिक्षा करता, आणि ऐकण्यात मन लागत नाही म्हणून सगळ्या धंद्यावर चिडता. दोन वह्या करा. ॲप ठेवा ते शोधायला, चाळायला, एखादं नाव ऐकलं तर लगेच कानावर घालायला. आणि ॲपवर महिन्याला जेवढं देता तेवढंच आणखी बाजूला काढा, आवडणाऱ्या, हयात असलेल्या कलाकारासाठी. त्याची मैफल असेल तर तिकीट काढा. त्याची फाइल, सीडी, एलपी त्याच्याकडूनच मिळत असेल तर तिथून घ्या. बँडकॅम्पसारखी जागा 2008 पासून आहे. तिथे डिजिटल विक्रीतले 15 टक्के ती ठेवते आणि बाकी, पैसे देवघेवीचा खर्च वजा जाता, कलाकाराकडे किंवा त्याच्या छोट्या कंपनीकडे जातात. तिथे तुम्ही एक अल्बम घेतलात तर तो ॲपवर हजारो वेळा वाजवण्याच्या तोडीचा ठरतो. वर्षाला असे सहा अल्बम घेतले तरी सहा माणसांना तुम्ही खरोखर काही दिलंत.

एक गोष्ट थोडी टोचेल. जुनी एलपी दुसऱ्या संग्राहकाकडून घेतली की तो व्यवहार नैतिक वाटतो, हातात जड वस्तू येते, पण त्यातून कलाकाराला काहीच मिळत नाही. पैसे विकणाऱ्याला जातात. घ्या जरूर, मीही घेते. फक्त ती 'कलाकारासाठी' या वहीत लिहू नका.

संग्रह विकावा का, याचं उत्तर आता सोपं होतं. मुलाचं 'सगळं फोनवर आहे' हे वाक्य मनापासूनचं आहे पण खरं नाही. ॲपवरचं संगीत करारांवर उभं असतं. करार संपला, हक्क दुसऱ्याकडे गेले, की अल्बम उठून जातो. माझ्या स्वतःच्या यादीत अकरा गाण्यांचा एक अल्बम होता. एका रात्री त्यातल्या नऊ ओळी राखाडी झाल्या, म्हणजे वाजेनात. कुणी कळवलं नाही, कारण दिलं नाही. ती वादक काही वर्षांपूर्वी वारली होती आणि तिची सीडी मी आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती, फोनवर आहे म्हणून. ते आजही मनाला लागतं. तेव्हा विकायला काढण्याआधी एक शनिवार बसा आणि मुलालाच फोन घेऊन शेजारी बसवा. तुम्ही एकेक नाव वाचा, तो शोधेल. जे सापडणार नाही ते वेगळं ठेवा. जे सापडेल त्यातलं तुम्हाला ज्याचा आवाज प्यारा आहे, ते आधी सांगितलं तसं ऐकून बघा. माझा अंदाज आहे की दोन्ही मिळून ढीग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान निघेल आणि त्याला वाटतो त्यापेक्षा मोठा. उरलेलं बिनघोर द्या. एखाद्या तरुण संग्राहकाच्या हाती पडलेलं बंद खोक्यात राहण्यापेक्षा बरं. जे ठेवाल त्यातल्या एलपी उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, आणि उन्हापासून लांब.

सगळ्या कॅसेटी डिजिटल करायच्या, असा एखादा निश्चय मनात आला असेल तर तोही सोडा. टेप वाजते त्याच वेगाने उतरते. तीनशे कॅसेटी म्हणजे सरासरी तासाची एक धरली तरी तीनशे तास. जे दुसरीकडे कुठेच नाही तेवढंच उतरवा.

नव्या संगीताबद्दल. किशोरवयात आणि विशीत ऐकलेलं संगीत माणसाच्या आत सर्वांत घट्ट बसतं, हे मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तेव्हा नवं संगीत जुन्याइतकं भिडत नाही यात तुमच्या रसिकतेचा ऱ्हास बघू नका. पण आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती बदलता येते. तरुणपणी तुमच्याकडे मोजक्या कॅसेटी होत्या. पैसे मोडून घेतलेली कॅसेट पहिल्यांदा आवडली नाही तरी तुम्ही ती चाळीस वेळा ऐकली असणार, दुसरं होतंच काय? दहाव्या खेपेला कुठेतरी तो चेलो ऐकू आला. आज समोर रोज लाखभर नवी गाणी येतात आणि तुम्ही प्रत्येकाला दोन मिनिटं देता. गाणी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजल्याशिवाय गाणं मोजलं जात नाही, म्हणून सुरुवातीलाच सगळं टाकून द्यायची घाई असते. ही घाई स्ट्रीमिंगच्याही आधीपासून वाढत होती: अमेरिकेतल्या सर्वाधिक गाजलेल्या गाण्यांच्या एका अभ्यासात 1986 ते 2015 या काळात गायन सुरू होण्याआधीचं संगीत सरासरी वीसहून जास्त सेकंदांवरून पाचेक सेकंदांवर आल्याचं दिसलं. श्वासावर प्रेम करणाऱ्या माणसाला अशा संगीतात जागाच नाही. तुम्हाला कंटाळा येतो तो इथे येतो, आणि तो रास्त आहे.

पण सगळे असं करत नाहीत. आजही लोक एका खोलीत, कमी माइक लावून, टाके न घालता सलग रेकॉर्ड करतात, आणि बोट घसरल्याचा आवाज मुद्दाम राहू देतात. ते ॲपच्या शिफारशीतून सहजी वर येत नाहीत, कारण शिफारस ही तुमच्यासारखं ऐकणाऱ्यांनी काय वाजवलं यावरून बनते आणि तुमच्यासारखे थोडे आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायची माझी वाट नावांची आहे. तुमच्या लाडक्या एलपीच्या मागे बघा, साथीला कोण होतं, ध्वनिमुद्रण कुणी केलं. त्यातलं एक नाव धरा आणि त्याने किंवा त्याच्या शिष्यांनी पुढे काय केलं ते शोधा. खुर्चीच्या आवाजालाही जागा देणारा ध्वनिमुद्रक एकदा सापडला की त्याच्यामागून दहा कलाकार सापडतात. मग त्यातला एकच अल्बम निवडा आणि तीन आठवड्यांत सात वेळा, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐका. सातव्या खेपेलाही काही झालं नाही तर खुशाल सोडा. त्या तीन आठवड्यांत दुसरं नवं काही लावू नका, एवढीच अट.

मुलालाही विचारा, त्याला कुठला आवाज आवडतो. गाणं विचारू नका, आवाज विचारा. एखाद्या सिंथेसायझरचा जाड, पोटात घुमणारा खर्ज असेल, नाहीतर कुजबुजत्या गायनात ओठ सुटण्याचा आवाज असेल. तो त्याच्या परीने तुमच्यासारखंच ऐकत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि मग विकण्या-ठेवण्याचा वाद निराळ्या सुरात चालेल.

आता ता. क. मधली ती ओळ. संग्रह, ॲप, कलाकारांचे वाटे, या सगळ्यांना दोन-दोन परिच्छेद आणि वडिलांच्या बासरीला एक ओळ. जगात ज्याची दुसरी प्रत नाही, कुठलीही कंपनी जी पुन्हा काढणार नाही, अशी तुमच्या घरात तीच एक गोष्ट आहे. आणि बासरीत सुराआधीचा श्वास केवढा असतो! तुम्हाला तो श्वास ऐकायची गोडी कुठून लागली असेल, याचा विचार केलात का कधी? बाकी सगळं थांबवा आणि हे आधी करा.

कॅसेट आत्ता लावू नका. आधी तिच्या वरच्या कडेला, टेप दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, प्लास्टिकच्या दोन छोट्या जिभा असतात. त्या शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. आतली फेल्टची छोटी गादी निसटलेली नाही ना ते बघा. निसटली असेल, किंवा टेप चिकटल्यासारखी, भुरभुरल्यासारखी दिसत असेल, तर स्वतः काही करू नका, जुन्या टेप उतरवण्याचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या आणि आपल्यासमोर करायला सांगा. ठीक दिसली तर पेन्सिल घालून चाकं हळूहळू थोडी फिरवून बघा, अडत नाही ना. मग खराब झाली तरी चालेल अशी, आवाज माहीत असलेली दुसरी एखादी कॅसेट आधी लावून यंत्र टेप खात नाही याची खात्री करा. यंत्रातलं टेप वाचणारं हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू द्या. संगणकावर 24 बिट, 96 किलोहर्ट्झला उतरवा, फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजाचा काही भाग न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा, तीन प्रती करा आणि त्यातली एक मुलाकडे द्या. सरसर साफ करू नका. कुणी कितीही सांगितलं तरी मूळ प्रतीत नाही.

आणि मोह होईल, की आधी नुसतं ऐकून तर बघू, उतरवणं उद्या. तसं करू नका. वीस वर्षं पडून राहिलेली टेप पहिल्या खेपेला जशी वाजते तशी दुसऱ्या खेपेला वाजेलच असं नाही. रेकॉर्डिंग सुरू करा, पातळी चालते आहे ना ते बघा, आणि मग प्लेचं बटण दाबा.